पाऊस शिवारात, नोंद मंडळात



गेल्या पावसाळ्यातील एका बैठकीची गोष्ट. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बांध रात्रीच्या पावसाने फुटला, नाल्याकाठची पऱ्हाटी आडवी झाली. कचेरीत उत्तर मिळाले, 'तुमच्या मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही.' भर बैठकीत त्यांनी आम्हांला विचारले, "भाऊ, माझ्या पऱ्हाटीनं काय मंडळाच्या गावाला जाऊन भिजायचं होतं?" सगळे हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. कारण आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि त्या गावात त्या रात्रीच्या पावसाचा लेखी आकडाही कोणाजवळ नव्हता.

नियम समजून घ्या. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ६४ मिलिमीटर पडला तर एकरी २ लाख ५९ हजार लिटर पाणी कोसळते, तरी कागदावर ती अतिवृष्टी नव्हे! सततच्या पावसालाही राज्याने २०२३ साली आपत्ती मानले. पण त्याचा आकडासुद्धा मंडळातल्या त्याच वीतभर तोंडाच्या यंत्राचा. एका यंत्राच्या तोंडावर कितीतरी गावांची तोंडे अवलंबून!

पाऊस एवढा सारखा पडतो का? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात ही तफावत, तर आपल्या कोरडवाहू मुलखात वेगळे काय घडणार? इथे बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आम्ही शेतकी कॉलेजात सरासरी शिकलो. जिल्ह्याची सरासरी भरली की साल चांगले, असे परीक्षेत लिहून आलो. गावोगाव हिंडायला लागल्यावर कळले, की सरासरीवर पीक येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात जोराच्या पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या, आणि बेरीज जवळपास तीच राहिली. म्हणजे खंड आणि धो-धो, दोन्ही एकाच सरासरीच्या पदराखाली झाकले जातात. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. पऱ्हाटीचे पाते गळत होते आणि आपण आभाळाकडे पाहत होतो. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात मातीसकट पीक वाहून गेले.

हे सारे आता नकाशावर पाहता येते. हवामान खात्याने जानेवारी २०२२ मध्ये देशाचा हवामान-आपत्तींचा नकाशासंग्रह खुला केला. दुष्काळ, अतिवृष्टी, उष्णतेची लाट, गारपीट, वीज अशा तेरा आपत्ती जिल्हावार त्यात आहेत. राज्याच्या कृषी खात्याकडे मंडळवार रोजचा पाऊस मिळतो. 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून मंडळोमंडळी स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. घरात पोराच्या हातात फोन आहे ना? त्याला सांगा, आपला जिल्हा दाबून दाखव, आपले मंडळ काढून दाखव. आकडे बाबूलोकांचे नव्हेत, ते आपल्या पैशाने गोळा झालेले आहेत.

पण नकाशा जिल्ह्यापाशी थांबतो, नोंद मंडळापाशी थांबते. मंडळापासून शिवारापर्यंतचे अंतर आपणच भरले पाहिजे.

म्हणून यंदा प्रत्येक गावशाखेने एक काम करावे. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा. विकत नसेल तर तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, सरळ डबा चालेल. पट्टी बुडवली की जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. डबा झाडा-घरापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब असावा. रोज सकाळी साडेआठला मोजावे, वहीत लिहावे, डबा ओतून टाकावा. कोरड्या दिवशी शून्य लिहावे. खंड मोजायचा तर शून्यालाच किंमत असते. महिन्याअखेर सरपंच आणि तलाठ्याची सही घ्यावी.

ही वही सरकार लगेच मानील अशी भाबडी आशा आम्हांला नाही. पण पाच गावांच्या वह्या एकच सांगू लागल्या आणि मंडळाचे यंत्र वेगळेच सांगू लागले, तर यंत्र तपासायची मागणी हवेतली राहणार नाही. यंत्र झाडाखाली आहे का, त्यात कचरा अडकला आहे का, ते पाहायला आपण सगळे मिळून जाऊ. मंडळाचा रोजचा आकडा चावडीवर लागलाच पाहिजे, हीही मागणी या बैठकीत ठरावाने करू.

एक अट मात्र आहे. वहीत खोटा आकडा एकदाही नको. ५० चे ७० केले आणि उघडकीस आले, तर साऱ्या तालुक्याच्या वह्या रद्दी होतील.

या वहीचा पहिला उपयोग कचेरीत नाही, वावरात आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओली झाल्याशिवाय सरकी टोबू नका, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. पण किती झाला, हे मोजल्याशिवाय कसे कळणार? अंदाजाने केलेली पेरणी मोडली की दुबारचे बियाणे कोण देतो?

मृगाच्या आधी डबे लागले पाहिजेत. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाकरीसोबत वहीही बांधून आणा.