सांगणाराचे काय?

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा पाड्यावरची बातमी बाहेर यायला पायपीट लागे. आज ती मोबाईलवरून क्षणात जाते. पण जाताना सांगणाराची ओळखही घेऊन जाते, याची जाण कितीजणांना आहे? व्हॉट्सॲपचा मजकूर कुलूपबंद असतो म्हणतात. असेल! पण कोण कोणाशी केव्हा बोलले, ही नोंद मागे राहू शकते. मूळ छायाचित्राच्या पोटात जागा आणि वेळ दडलेली असू शकते. आणि उघडा फोनच कोणाच्या हाती लागला, तर त्या कुलपाची मातब्बरी काय?

पत्रकारांवर हल्ले होऊ नयेत म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली कायदा मंजूर केला. उत्तम झाले. परंतु मोखाड्यातील एखाद्या अंगणवाडी सेविकेने मुलाचे खरे वजन सांगितले, तर तिला आडोसा कोणाचा? बातमीदार मुंबईला परततो. तिला मात्र तिथेच, त्याच साहेबांच्या हाताखाली दिवस काढायचे असतात.

म्हणून रोखठोक सांगतो: सांगणाराचे नाव ज्याच्या फोनात उघडे पडलेले असते, त्याने शोधपत्रकारितेची बढाई मारू नये. नाव एकीकडे, पुरावा दुसरीकडे ठेवावा. फोनला लांबलचक सांकेतिक शब्द घालावा. एवढेही ज्याला जड वाटते, त्याने पाड्यावर येऊच नये. एकदा तोंडे मिटली, की पुढचे मूल मुकाट्याने जाईल, आणि कागदावर त्याचे वजन भरलेलेच राहील.