धन वाढले, मानाचे काय?

राज्यातील पोलीस पाटलांचे मासिक मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या मार्चमध्ये घेतला. पोलीस पाटलांच्या संघटनांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती आणि ती न्याय्यच होती. ही वार्ता सभासदांना कळविताना पदाधिकाऱ्यांना धन्यता वाटली असल्यास त्यात वावगे काही नाही. परंतु एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसणे आम्हांस घातक वाटते.

शहरातील सुशिक्षितांच्या डोळ्यांसमोर पाटील म्हटला की अजून चित्रपटातला फेटेवाला, मिशाळ पाटीलच उभा राहतो! वस्तुतः वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. आणि १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याची जागा शंभर वर्षांनी, १९६७ साली, महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने घेतली. आजचा पोलीस पाटील परीक्षा देऊन नेमला जातो. कित्येक गावी हे पद स्त्रियाही सांभाळीत आहेत.

इंदापूर तालुक्यातील नीरेकाठचे निरवांगी घ्या. नदी ओलांडली की माळशिरस तालुका. म्हणजे जिल्हा बदलला, तहसील बदलली, ठाणेही बदलले. अशा नदीकाठच्या गावी उद्या मध्यरात्री पात्रातून चोरट्या वाळूच्या गाड्या निघाल्या, तर पहिली वर्दी कोणी द्यावयाची? पोलीस पाटलाने. पंचनामा आटोपून अधिकारी आपल्या मुक्कामी परततात. पोलीस पाटलास मात्र त्याच आळीत नांदावयाचे असते, त्याच शेजाऱ्यांशी बोलून उसाला पाण्याची पाळी मिळवावयाची असते. त्यातून त्याची नेमणूक मुदतीची, आणि मुदत संपली की नूतनीकरणासाठी पुन्हा प्रांताधिकाऱ्यांच्या दारी उभे राहणे आलेच. गावातील बलिष्ठांना दुखावणाऱ्या माणसाविरुद्ध त्या वेळी तक्रारींचे अर्ज कसे गोळा होतात, हे सांगावयास नकोच.

म्हणून नूतनीकरणाची अट काढावी, या संघटनांच्या मागणीस आमचा पाठिंबा आहे. निवृत्तीचे वय साठावरून पासष्टावर न्यावे, ही मागणी मात्र आम्हांस पटत नाही. पुराच्या रात्री धावपळ करण्याचे हे काम आहे, आणि गावोगाव शिकलेली तरुण मुले कामाविना बसून आहेत.

संघटनांनाही आमचे एक विचारणे आहे. वर्दी दिल्याबद्दल ज्या सभासदास मार खावा लागतो, त्याच्या खटल्यात वकील कोण देतो? मानधनासाठी मोर्चे निघतात, तसा एखादा मोर्चा अशा सभासदासाठी कधी निघेल काय? सरकारनेही वर्दी देणाऱ्याचे नाव ठाण्याबाहेर फुटणार नाही, अशी व्यवस्था करावी. आणि नूतनीकरणाची अट निघेपर्यंत ते नाकारल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत. यास तिजोरीतून काही मोठी रक्कम काढावी लागणार नाही.