मौजे कामतघर येथील एका नोटिशीचे वाचन

भिवंडीच्या कामतघर भागात राहणाऱ्या आम्हा मराठीच्या अध्यापकांकडे शेजारीपाजारी येतात ते साहित्यासाठी नव्हे, कागदासाठी. 'सर, एवढे वाचून सांगता का?' असे म्हणत पुढे केलेला कागद बहुधा घडी पडून मळलेला असतो. यंत्रमागांच्या या वस्तीत तेलुगू, हिंदी, उर्दू आणि आगरी वळणाची मराठी एकाच गल्लीत नांदतात. घरी येणारा कागद मात्र यांपैकी कोणत्याच भाषेत नसतो. त्यावर 'मौजे कामतघर' असते, 'सदरहू मिळकत' असते, आणि 'पंधरा दिवसांचे आत' असते. वाचणाऱ्याला त्यातला शेवटचा भाग तेवढा कळतो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीची आई अशीच एक नोटीस घेऊन आली. खोलीमालकाने ती वकिलामार्फत पाठवली होती. बाई अनेक वर्षे दरमहा भाडे देत होत्या, पण लेखी करार झालेला नव्हता, आणि आठवडाभरापासून नळ बंद केलेला होता. आम्ही नोटीस वाचली, अर्थ सांगितला आणि मालकाच्या नावे उत्तर लिहून दिले. उत्तर देखणे होते. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती, परिच्छेद प्रमाणबद्ध होते, शेवटी 'कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती' होती. महिन्याभरात बाईंनी खोली सोडली.

कायदा काय म्हणतो, हे आम्ही नंतर पाहिले. आधी पाहायला हवे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर राहण्याच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. 'करार नाही, तर तुमचे काय चालणार?' असे गल्लीतले जाणते त्या बाईंना सांगत होते. कायदा जवळजवळ उलट सांगत होता. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' ही समजूतही अशीच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षभरापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट होती, तिचा हा अवशेष. १९९९ च्या अधिनियमाने ती वाट ठेवलेली नाही. पुरेशा कारणाविना भाडेकरूचे पाणी वा वीज तोडण्याला कलम २९ ची मनाई आहे. बाईंना खोली कधीच सोडावी लागली नसती, असे आम्ही म्हणत नाही. पण ती न्यायालयाच्या हुकमाने सोडावी लागली असती, कोरड्या नळामुळे नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला अधिक बोचते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळण्यास स्त्री पात्र असते, तिचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगारही पात्र असतात. म्हणजे आमच्या भागातील कितीतरी घरे त्यात बसतात. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते, १५१०० हा दूरध्वनी क्रमांक असतो. यातले काहीही ठाऊक नसताना आम्ही दरवर्षी 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवत होतो, आणि आमच्याच शहरातल्या न्यायालयाची पायरी कधी चढलो नव्हतो.

भाषेचे संचालनालय १९६० पासून आहे. दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असावी, अशी अधिसूचना १९९८ मध्ये निघाली. तेव्हा 'मराठी नाही' ही तक्रार पुरेशी नाही. प्रश्न कोणत्या मराठीचा आहे. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही फिर्याद, वकील, जामीन, तारीख, नक्कल हे शब्द लोकांनी सोडले नाहीत. कामतघरच्या मागावर उभा असलेला तेलुगू किंवा उर्दू भाषक कामगारही 'तारीख पडली' म्हणताच समजतो. 'निष्कासन' म्हटले की आम्हीसुद्धा क्षणभर थांबतो.

परंतु सगळा दोष परिभाषेवर ढकलणे सोयीचे होईल. आमचा स्वतःचा दोष वेगळा आहे. 'व्यावहारिक मराठी' या नावाखाली आम्ही जे शिकवतो, त्यातला मोठा भाग विनंतीचा असतो. अर्जाचा मायना, विनयाचे शब्द, 'आपला आज्ञाधारक'. ज्याला हक्क आहे त्याने तो कसा मांडावा, नोटिशीतला 'आम्ही म्हणतो' आणि 'कायदा म्हणतो' यांतला फरक कसा ओळखावा, याचा एकही तास त्यात नाही. त्या बाईंच्या उत्तरात 'पाणी तोडणे बेकायदेशीर आहे' एवढे वाक्य हवे होते. आम्ही नम्र विनंती लिहिली, कारण आम्हाला तेवढेच लिहिता येत होते.

यंदा ते जुने उत्तर, नावे गाळून, आम्ही वर्गात दुरुस्तीसाठी दिले. बहुतेकांनी विरामचिन्हे तपासली. एका मुलीने 'नम्र विनंती' खोडून 'कळवीत आहे' असे लिहिले आणि खाली विचारले, यात मायन्याचा एक गुण जाईल का?