जुन्या ट्रकचा थर्मोस्टॅट

निफाडच्या थंडीत पहाटे कांदा भरून निघालेल्या जुन्या ट्रकचे इंजिन दहा किलोमीटर गेले तरी तापत नाही व डिझेलही अधिक लागते, असे सांगताच पुष्कळ मिस्त्री पंप व नोझल उघडावयास घेतात. आमच्या मते ही घाई शेतकरी बंधूंना महाग पडते. दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर पहिला संशय थर्मोस्टॅटचा घ्यावा. ही झडप साधारणतः ८० अंश सेल्सिअसच्या सुमारास उघडते. तोवर इंजिनातील पाणी ती रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती उघडी अडकली, किंवा उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कोणी काढूनच टाकली (आणि हा प्रकार आपल्याकडे फार!), तर डिझेल पुरते जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन जाते व झीज वाढते.

परीक्षा सोपी आहे. थंड इंजिन सुरू करावे आणि पंख्यापासून हात जपून रेडिएटरचा वरचा रबरी पाईप चाचपावा. तो आरंभापासूनच कोमट होऊ लागला, तर झडप मिटत नाही किंवा जागेवरच नाही, असे समजावे. ती निर्दोष आढळल्यास टायरमधील हवा, घासणारे ब्रेक व एअर फिल्टर पाहावेत, आणि मगच पंपास हात लावू द्यावा.