मीटर हातात हवा, डोक्यावर नको!

नवे यंत्र आले की कामगार बिचकतो आणि साहेब खूश होतो, असा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. दोघांचेही चुकते. हे पटवून देण्यासाठी आज एका छोट्या यंत्राविषयी लिहीत आहे. मोटारीच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात जळते ते दाखवणारा हा मीटर. गॅरेजवाले त्याला एअर-फ्युएल मीटर म्हणतात. टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधील मेकॅनिक बांधवांचा तर हा रोजचा विषय. रेल्वेतील बांधवांनीही तो समजून घ्यावा, कारण प्रश्न केवळ मोटारीचा नाही.

हिशेब सोपा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा कमी पडली की मिक्श्चर ‘रिच’ होते: प्लगवर काजळी धरते, पेट्रोल वाया जाते आणि धुरात कार्बन मोनॉक्साईड वाढतो. हवा जास्त झाली की ‘लीन’: इंजिन अडखळते, ताकद देत नाही आणि जास्त लोडवर पिस्टन-व्हॉल्व्ह जळण्याची पाळी येते. मात्र 14.7 हा आकडा सगळीकडे चालत नाही. कार्ब्युरेटरची गाडी भार घेऊन चढ चढत असेल तर 12.5 ते 13 लागतो. सपाट रस्त्यावर एका चालीने जाताना 15 च्या थोडे वर नेले तर पेट्रोल वाचते. कुठे कोणता आकडा हवा, हे मीटर सांगत नाही. ते मिस्त्रीलाच माहीत असावे लागते.

पूर्वी हे काम डोळ्याने, कानाने आणि नाकाने चाले. प्लग काढून पाहायचा: बिस्किटी रंग असेल तर ठीक, काळा असेल तर रिच, पांढरा फटक असेल तर लीन. आपल्या रेल्वेत वाफेच्या इंजिनावरचा फायरमन चिमणीकडे पाहून हेच करीत असे. काळा धूर म्हणजे हवा कमी, धूर मुळीच नाही म्हणजे हवा जास्त, हलका राखाडी म्हणजे आग बरोबर. हे कसब मोठे होते, पण त्याची किंमत कामगाराच्या छातीने मोजली. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, तो नाकाला कळत नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली स्पष्ट जाहीर केले. म्हणून सायलेन्सरजवळ नाक न नेता काम होत असेल, तर मीटरचे स्वागतच केले पाहिजे.

तो बसवणे अवघड नाही. सायलेन्सरच्या पाइपला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या अलीकडे, भोक पाडून नट वेल्ड करायचा आणि त्यात ऑक्सिजन सेन्सर बसवायचा. साधा सेन्सर फक्त रिच की लीन एवढेच सांगतो. ट्यूनिंगला आकडा दाखवणारा वाइडबँड सेन्सरच हवा. आधी प्लग, टायमिंग, टॅपेट आणि एअर फिल्टर नीट करावे, मगच जेट आणि स्क्रूला हात लावावा. पीयूसीची तपासणी गाडी जागेवर उभी ठेवून होते. खरे ट्यूनिंग गाडी रस्त्यावर लोड घेते तेव्हाच समजते. त्यासाठी माणसे दोन लागतात. एकाने चालवायचे, दुसऱ्याने आकडे लिहायचे. एकाच माणसावर दोन्ही कामे टाकणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

आता मुख्य मुद्दा. हा मीटर पेट्रोल मोजत नाही. तो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. एका सिलिंडरचा प्लग मारत नसेल, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि मीटर ‘लीन’ म्हणतो. आकड्यावर विसंबून पेट्रोल वाढवले तर दुखणे वाढते. खरा उपाय प्लग बदलणे. सेन्सरच्या आधी पाइप लीक असेल, तरीही आत हवा शिरून मीटर ‘लीन’च म्हणतो. तिसरी गोष्ट आजची. पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण साडेतेरा पटच हवा लागते. साध्या पेट्रोलच्या हिशेबाचा मीटर मात्र मिक्श्चर बरोबर असताना तेव्हाही 14.7 च दाखवतो. जुनी कार्ब्युरेटरची गाडी या पेट्रोलवर थोडी लीन चालते, यात मेकॅनिकचा दोष काय?

म्हणजे आकडा खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. त्याचा अर्थ लावायला हात काळे केलेला माणूस लागतो. आज मात्र सगळीकडे उलटे चालले आहे. स्पीड रेकॉर्डरची नोंद काढून लोको पायलटला जाब विचारला जातो. किलोमीटर आणि लिटरचा भागाकार करून ड्रायव्हर-मेकॅनिकला मेमो दिला जातो. सिग्नलला किती वेळ उभे केले, गाडी किती जुनी, सुटे भाग कधी मिळाले, हे त्या आकड्यात कुठे असते? डॉक्टर थर्मामीटर लावतो तो रोग ओळखण्यासाठी, रोग्याला शिक्षा करण्यासाठी नव्हे.

म्हणून आपल्या शाखांनी यंत्राला विरोध करू नये. ठाम मागण्या कराव्यात. एक, प्रत्येक वर्कशॉपला चांगले मीटर द्या आणि त्याचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पूर्ण पगारी द्या. मीटर आला म्हणून काम ठेकेदाराकडे जाता कामा नये. दोन, इंजिन चालू ठेवून काम होते तिथे धूर बाहेर नेणारे पंखे आणि पाइप बसवा. तीन, केवळ आकड्यावरून कोणावरही कारवाई नको. आधी यंत्राची तपासणी आणि कामगाराचे म्हणणे, मग निर्णय.

बंधू-भगिनींनो, मीटर वाचायला शिका. जो कामगार आकड्याचा अर्थ सांगू शकतो, त्याला आकड्याने कोणी दाबू शकत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!