'कल' म्हणजे काल की उद्या?

दोन भाषांत राहणे म्हणजे काय, हे सीमेवरच्या वाचकांना मी सांगायला नको. बेळगाव-निपाणीकडे 'तंगी' म्हटले की एकाला पैशाची चणचण आठवते आणि दुसऱ्याला धाकटी बहीण. आमच्या उज्जैनला कन्नड नाही, हिंदी आहे. आणि ती शेजारची नाही, घरातली आहे. 'शिक्षा' हा शब्द इथे शाळेच्या पाटीवर असतो आणि त्याच शब्दाचा धाक घरी आजी घालते. मुक्तिबोधांच्या घरात गजानन माधव हिंदीचे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे, याचे माळव्यातल्या मराठी माणसाला फारसे नवलही वाटत नाही.

म्हणूनच हा वाद मी तुमच्यापुढे आणतो आहे. पुण्याच्या संगणकवाल्यांपुढे आणला तर ते म्हणतील, काका, एवढ्याशा नावाचे काय घेऊन बसलात?

वाद आहे तो संगणकाच्या प्रोग्राममध्ये वस्तूंना आणि कामांना जी नावे द्यावी लागतात त्यांचा. ज्यांनी प्रोग्राम कधी पाहिला नाही त्यांनी स्वयंपाकघरातली फळी डोळ्यांपुढे आणावी. डब्यांची रांग म्हणजे व्हेरिएबल. डब्यात काय आहे ते बदलते, डब्याचे नाव राहते. आणि 'भाजणी कर', 'दळून आण' अशी ठरलेली कामे म्हणजे फंक्शन. आता आपल्या घरी बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा असतो आणि बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे असतात. घरच्या बाईचे त्यावाचून काही अडत नाही. पण त्याच स्वयंपाकघरात लग्नाचे आचारी आणून उभे करा आणि मग बघा.

माझा दोष आधी सांगतो. 1998 साली उज्जैनच्या एका सहकारी साख संस्थेचा हिशेब मी फॉक्सप्रोमध्ये बसवला. त्या काळी फॉक्सप्रोत नावाला दहा अक्षरांची मर्यादा होती, तीही रोमन. व्याज आदल्या दिवसापर्यंतचे धरायचे, कारण आजची रोजकीर्द संध्याकाळी बंद होणार. आदल्या दिवसाची तारीख ज्यात ठेवायची त्या डब्याला मी नाव दिले 'के-ए-एल'. काल. मराठी माणसाला यात शंका घेण्यासारखे काय आहे?

दीड-दोन वर्षांनी माझ्या हाताखाली एक मुलगा आला. मालवी घरचा, हुशार, कामाला वाघ. संस्थेने त्याला सांगितले की ज्या ठेवींची मुदत उद्या भरते त्यांची यादी रोज सकाळी निघाली पाहिजे, म्हणजे शिपाई सायकलवरून घरोघर चिठ्ठी देईल. मुलाने माझा प्रोग्राम उघडला. तिथे तारखेचा डबा आयता तयार होता आणि त्यावर नाव होते 'कल'. हिंदीत कल म्हणजे काल आणि कल म्हणजेच उद्या. क्रियापदावरून काय ते समजायचे. पण प्रोग्राममधल्या डब्याला क्रियापद नसते. त्याने तो उद्याचा समजून वापरला.

मुदत संपून ठेवीदार आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ठेव आपोआप वर्षभरासाठी पुढे चालू व्हायची, हा संस्थेचा नियमच होता. त्यामुळे चिठ्ठी ज्या दिवशी घरी पोचे, त्याच दिवशी सकाळी पैसे पुन्हा अडकलेले असत. तीन महिने हे कोणाच्या ध्यानात आले नाही. बहुतेकांना ठेव पुढे चालवायचीच असे आणि चिठ्ठीवर तारीख नव्हती. मग एक दिवस एक वृद्ध मराठी बाई काउंटरवर आल्या. नातीचे लग्न ठरले होते, कार्यालयाचे पैसे भरायचे होते. ठेव मोडायची तर नियमाप्रमाणे दंड बसत होता. त्या मला म्हणाल्या, "अहो भाऊ, चिठ्ठीच काल आली, मग मी परवा कशी येणार होते?" मी त्यांना काय उत्तर देणार? दंड संस्थेने शेवटी सोडला, पण त्यासाठी त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या.

त्या वेळी सगळ्यांनी मुलाला बोल लावला. मीही लावला, हे इथे कबूल करतो. आज मी स्पष्ट म्हणतो की चूक त्याची नव्हती. यंत्राने तर काहीच चूक केली नाही. त्या डब्याला मी 'गणपती' म्हटले असते तरी त्याने तितक्याच निमूटपणे वजाबाकी केली असती. नाव यंत्रासाठी नसतेच. ते पुढच्या माणसासाठी असते, आणि पुढचा माणूस माझ्या भाषेचा असेल असे मी गृहीत धरले.

"आम्हाला जागा कुठे होती?" असे माझ्या पिढीचे लोक म्हणतात. खरे आहे. मूळ फोरट्रानमध्ये सहाच अक्षरे मिळत. पण ही सबब पुरती टिकत नाही. आखूड नाव म्हणजे वाईट नाव नव्हे. मोडी कागदात मौजेसाठी नुसता 'मौ' आणि पुढे दोन उभे दंड असत, कसब्यासाठी 'क' आणि दंड. फडावरच्या प्रत्येक कारकुनाला ते ठाऊक असे. त्याहून मोठे उदाहरण भास्कराचार्यांचे. 1150 साली लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीतल्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले आहे आणि पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसते या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला रू, वर्गाला व, गुणाकाराला भा, ऋण असेल तर डोक्यावर टिंब. एका अक्षराची नावे! पण कोणते अक्षर कशासाठी, हे शिष्याला आधी सांगितलेले आहे, आणि ती पद्धत एकट्या भास्कराचार्यांची नव्हे, परंपरेची आहे. नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. प्रत्येक ग्रंथात 'का' म्हणजे वेगळे असते तर त्या मठात काय शिकवले असते? माझ्या प्रोग्रामला ना मठ होता ना सूत्र. फक्त दहा अक्षरे होती आणि मी होतो.

दुसरा प्रकार मोठेपणाच्या नावांचा. शिप्रेकाठी आमच्याकडे जयसिंगाची वेधशाळा आहे. 1923 साली माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली. तिथल्या यंत्रांची नावे एकदा नीट वाचा. दिगंश यंत्र: दिगंश मोजते. दक्षिणोत्तर भित्ति: दक्षिणोत्तर उभी भिंत, मध्यान्हीची उंची पाहायला. नाडीवलय: वलयावर नाड्या, म्हणजे घटका मोजायच्या. पाहुण्याला अर्धे काम नावातच कळते. आणि सगळ्यांत मोठ्या यंत्राचे नाव काय? सम्राट यंत्र! ते वेळ सांगते हे कळायला वाटाड्याला पैसे द्यावे लागतात. जयसिंग स्वतः राजा होता, त्याला हे शोभले. पण हल्लीच्या प्रोग्रामांत प्रत्येक जण 'मास्टर', 'मेन', 'फायनल', 'फायनल नवीन' असे सम्राट बसवून ठेवतो, त्यांचे काय करायचे?

आता तो मुलगा स्वतः चाळिशी ओलांडून गेला आहे, संस्थेचा प्रोग्राम नव्या भाषेत नव्याने लिहिला गेला आहे, आणि त्यावर इंदूरची, पुण्याची, एक निपाणीकडचीही मुले काम करतात. त्यांनी सोपा तोडगा काढला: सगळी नावे इंग्रजीत. माझा त्याला निम्मा विरोध आहे. सांगाडा इंग्रजीत असू द्या. मोजा, जोडा, शोधा ही क्रियापदे सगळ्यांना येतात. पण काउंटरवरचा शब्द बदलला की अर्थ निसटतो. 'नॉमिनी'च्या जागी एकाने 'वारस' या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला, चांगले इंग्रजी म्हणून! नामनिर्देशित आणि वारस हे कायद्याने एक नव्हेत. भावाभावांचे खटले त्यावरून चालतात. 'इंटरेस्ट' म्हणजे व्याजही आणि हितसंबंधही. इंग्रजीत 'कल' नाहीत असे कोणी समजू नये.

आमच्या मराठी मंडळातल्या एका मित्राचे म्हणणे दुसऱ्या टोकाचे: नावे सरळ देवनागरीतच लिहा. 2008 साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तसे करता येते, आणि मी हौसेने करून पाहिलेही. 'व्याज' असा डबा पडद्यावर बघून ऊर भरून आला, खोटे कशाला बोलू? मग एका मुलाने 'शून्य' लिहिले, दुसऱ्याने 'शुन्य', आणि यंत्राने दोन वेगळे डबे मांडले. ज्या समाजात लग्नपत्रिका ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांशिवाय छापली जात नाही त्याने हा हट्ट धरू नये. शिवाय हा प्रोग्राम एकट्या मराठी माणसाचा नाही. मालवी मुलाला माझ्या 'काल'ने एकदा फसवले, आता निपाणीच्या मुलाला त्याच्या 'कल'ने फसवू द्यायचे का?

मी मागतो ते फार नाही: एक वही. कोणता शब्द कशासाठी, कोणत्या भाषेतला, तारीख असेल तर कुठल्या बाजूची, रक्कम असेल तर रुपयांत की पैशांत, हे कामाआधी लिहून ठेवायचे. नव्याने येणाऱ्याला ती वही पहिल्या दिवशी वाचायला द्यायची, आणि ज्या शब्दावर तो अडखळेल तो शब्द बदलायचा. त्याला समजावत बसायचे नाही. यावर मुले कुरकुरतात. वेळ जातो म्हणतात. चार खेपा घालणाऱ्या त्या बाईंचा वेळ कोणी मोजला होता?

गेल्या पावसाळ्यात त्या मालवी मुलाने आपणहोऊन वही आणली, माझ्या घरी ओट्यावर बसून आम्ही पहिले पान लिहिले. पहिली ओळ त्याने घातली: 'कल' वापरायचा नाही. आदला दिवस म्हणजे 'आज उणे 1', पुढचा म्हणजे 'आज अधिक 1'. मला जरा चेव आला. म्हटले, बघ, आमच्या मराठीत काल वेगळा आणि उद्या वेगळा, घोटाळा तुमच्या भाषेचा. तो हसला आणि म्हणाला, "काका, और परसों को आपके यहाँ क्या बोलते हैं?"

मी म्हणालो, परवा.

"आगेवाला या पीछेवाला?"

मी वही त्याच्या हातून घेतली आणि खाली आणखी दोन ओळी लिहिल्या.