कूळ आणि मालक

तरुण पिढीत एकोपा उरलेला नाही, ती केवळ स्वतःपुरते पाहते, अशी तक्रार परिवर्तनाच्या चळवळीतील ज्येष्ठ मंडळी नेहमी करतात. नागपुरात शिकवणी वर्गांबाहेर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली मुले पाहिली की ही तक्रार खरीही वाटू लागते. परंतु ती मुले पडद्यावर काय करीत असतात याची चौकशी केली, तर त्यांपैकी अनेक जण त्या क्षणी एका संघटनेचे काम करीत असतात असे आढळेल.

‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा खेळ फिनलंडमधील सुपरसेल या कंपनीने २०१२ साली बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू आपले गाव वसवतो, तटबंदी उभारतो, दुसऱ्याच्या गावावर चढाई करतो. एकट्याने फार काही साधत नाही, म्हणून तो एखाद्या ‘क्लॅन’मध्ये, म्हणजे कुळात, सामील होतो. कुळात जास्तीत जास्त ५० सभासद असतात आणि लीडर, को-लीडर, एल्डर, मेंबर अशा चार पायऱ्या असतात. सभासद एकमेकांना सैन्य देतात. २०१४ पासून कुळाकुळांत युद्धेही होतात. एक दिवस तयारीचा, दुसरा लढाईचा. त्यात प्रत्येकास दोनच हल्ले मिळत असल्याने कोणी कोणावर चालून जायचे हे आधी ठरवावे लागते, नवख्याला शिकवावे लागते, हल्ला चुकवणाऱ्याला जाब विचारावा लागतो. नियोजन, श्रमविभागणी व परस्पर साहाय्य हे सहकाराचे सारे गुण येथे दिसतात.

मराठीत ‘कूळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक घराण्याचा, दुसरा परक्याची जमीन कसणाऱ्याचा. पडद्यावरचे हे कूळ दोन्ही अर्थांनी कूळ आहे. म्हणून तेथे सत्ता कोणाची आणि मालकी कोणाची, हे दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

प्रथम सत्ता. लीडर निवडून येत नाही. ज्याने कूळ स्थापले तो, किंवा तो ज्याच्या हाती सूत्रे देईल तो लीडर. एखाद्या सभासदास काढून टाकण्यास त्याला एक बटण पुरते. नोटीस नाही, सुनावणी नाही. याउलट महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० पाहावा. त्यात एका सभासदास एक मत आहे. सभासदाची हकालपट्टी करावयाची तर त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि सर्वसाधारण सभेत तीन-चतुर्थांश बहुमत लागते.

आता मालकी. २०२२ साली या खेळात ‘क्लॅन कॅपिटल’ आले. कॅपिटल म्हणजे राजधानी, आणि कॅपिटल म्हणजे भांडवलही! सभासदांनी मिळवलेले सोने ओतून ही सामाईक राजधानी उभी राहते. ती ना सोडून जाणाऱ्याची, ना मागे राहणाऱ्याची. कंपनीच्या अटींनुसार खेळाडूचे स्वतःचे खातेसुद्धा त्याच्या मालकीचे नसते. बांधकामाला अनेक दिवस लागतील अशी व्यवस्था कंपनीनेच करायची आणि ती प्रतीक्षा टाळण्यासाठी लागणारी रत्ने पैसे घेऊन तिनेच विकायची, असा हा व्यवहार आहे. कृत्रिम टंचाईचे याहून स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात देता येणार नाही. २०१६ साली चीनच्या टेन्सेंटच्या पुढाकाराखालील गटाने सुपरसेलचा सुमारे ८४ टक्के हिस्सा ८.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. ‘उद्या युद्ध आहे, मी नसलो तर सोबती हरतील’ या जाणिवेने रोज परतणाऱ्या असंख्य खेळाडूंची निष्ठाही त्या किमतीत धरलेली होती. ती निर्माण करणाऱ्यांच्या वाट्याला त्यातील काहीच आले नाही.

शिवाय कुळाला संरक्षणही नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यांत ‘क्लॅश ऑफ किंग्ज’ हा याच जातीचा खेळ होता. त्या निर्णयाची कारणे काहीही असोत, तेथे उभ्या राहिलेल्या संघांचे काय, हा प्रश्न चर्चेत आलाच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. ते आवश्यकच होते. पण कुळांचा प्रश्न तेथेही अस्पर्श राहिला.

हा तर खेळ, तोही फुकट व ऐच्छिक, त्याचा एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. खंड पैशातच भरावा लागतो असे नाही. येथे तो वेळेत भरला जातो. त्याहून गंभीर बाब सवयीची आहे. जी मुले उमेदीची वर्षे अशा संघटनेत घालवतात, जेथे नेता निवडायचा नसतो आणि हकालपट्टीला कारण लागत नाही, त्यांना पुढे पक्षात, कार्यालयात, गृहनिर्माण संस्थेत हेच स्वाभाविक वाटेल.

विदर्भात १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याचा हक्क मान्य केला. तो कायदा होण्यापूर्वी जमिनीचा मालकही कूळ स्वखुशीने कसते, असेच म्हणत असे. खेळ बंद करण्यापूर्वी पुरेशी मुदत, काढून टाकलेल्या सभासदाला कारण कळण्याचा हक्क, जमवलेल्या ठेव्याची नोंद मिळण्याची सोय, एवढ्या मागण्या आज करता येतील. दुसरे काम आपले आहे. चहापानासह दहा मिनिटांत वार्षिक सभा उरकणाऱ्या आपल्या सहकारी संस्थांनी व संघटनांनी या मुलांना जबाबदारीची कामे आणि मताचा अधिकार द्यावा. पन्नास अनोळखी माणसांना ठरल्या वेळी एका कामाला लावण्याचे कसब त्यांच्यापाशी आहे. ते परक्याच्या जमिनीवर खर्ची पडत असेल, तर त्याचा दोष मुलांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.